व्यंकटेश माडगूळकर

व्यंकटेश दिगंबर माडगूळकर (१९२७ – ऑगस्ट २००१) हे मराठी कथाकार, कादंबरीकार, नाटककार, पटकथाकार आणि निसर्गलेखक होते. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत पसरलेला माणदेश हा दुष्काळी मुलूख त्यांच्या लेखनाची भूमी आहे. 'माणदेशी माणसं' या व्यक्तिचित्रसंग्रहाने आणि 'बनगरवाडी' या कादंबरीने मराठी ग्रामीण साहित्याला नवे वळण दिले. कवी व गीतकार ग. दि. माडगूळकर हे त्यांचे थोरले बंधू होत.

माडगूळकरांच्या कादंबऱ्यांपैकी तीन, म्हणजे 'बनगरवाडी', 'वावटळ' आणि 'कोवळे दिवस', या वयात येणाऱ्या तरुणांच्या कथा आहेत. मिसरूड फुटण्याच्या वयात जोडलेली माणसे, त्यांचा लळा आणि त्यांचे दुरावणे हा या तिन्ही कादंबऱ्यांचा गाभा आहे. लेखकाने वयाच्या विशीपर्यंत पाहिलेल्या व भोगलेल्या गोष्टींतून त्या घडल्या आहेत. त्यामुळे माडगूळकरांचे पूर्वायुष्य आणि या कादंबऱ्या एकमेकांच्या उजेडात वाचाव्या लागतात.

## बालपण आणि परिसर

माडगूळकरांचा जन्म माडगुळे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात आहे. त्या काळी ते औंध संस्थानात मोडत असे. औंध हे बहात्तर गावांचे छोटे संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल अशा एकमेकांपासून तुटलेल्या भागांत तो विखुरलेला होता. राजधानीचे औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. पुढे १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे बदलले गेले. माडगूळकरांच्या लेखनात सातारा व सांगली यांच्यामध्ये आजची सीमारेषा दिसत नाही, याचे कारण हा इतिहास होय. त्यांच्या लहानपणी तो एकच मुलूख होता.

वडील दिगंबर हे संस्थानात कारकून होते. आईचे नाव बनूताई. घर ब्राह्मणाचे असले तरी सुबत्ता नव्हती. तुटपुंज्या पगारात मोठ्या कुटुंबाचा गाडा ओढावा लागे. आईने त्या दिवसांत घर कसे राखले याची कहाणी माडगूळकरांनी पुढे 'करुणाष्टक' या कादंबरीत सांगितली.

माण नदीच्या खोऱ्यात पाऊस अतिशय कमी पडतो. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि माणदेशाच्या वाट्याला उरलेसुरले शिंतोडे येतात. बाजरी, ज्वारी, मटकी अशी कोरडवाहू पिके आणि माळावर चरणारी मेंढरे यांवर लोकांचा निर्वाह चाले. पाऊस लागोपाठ हुकला की धनगर मेंढरे घेऊन परमुलखाची वाट धरीत आणि वाड्या ओस पडत. माणसाने मुळे धरावीत आणि दुष्काळाने ती उपटावीत, हे दृश्य माडगूळकरांनी लहानपणापासून पाहिले होते. गावातील धनगर, रामोशी, मुलाणी, तांबोळी, माळी, चांभार यांच्या मुलांबरोबर त्यांचे बालपण रानात, ओढ्याकाठी आणि माळावर गेले. पाखरे, प्राणी, माग आणि वास यांचे त्यांना जे बारीक भान होते त्याची सुरुवात येथेच झाली.

## किशोरवयातील शिक्षक

माडगूळकरांचे औपचारिक शिक्षण फार झाले नाही. ते मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिकपर्यंत ते पोचले नाहीत. त्या काळात फायनल झालेल्या मुलास प्राथमिक शाळेत शिक्षकाची नोकरी मिळत असे. त्यानुसार किशोरवयातच ते आटपाडीजवळच्या निंबवडे या गावी शिक्षक झाले.

संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे चित्रकलेचे जाणकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. आपल्या लहानशा राज्यात शिक्षणाचा प्रसार व्हावा, अशी त्यांची तळमळ होती. महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. आडबाजूच्या वाड्यांवर एकशिक्षकी शाळा उघडण्याचे धोरण याच वातावरणातील होते. मात्र वाडीवरच्या लोकांना शाळेपेक्षा मेंढरांमागे जाणारे पोर अधिक मोलाचे वाटे. अशा ठिकाणी शिक्षकाला आधी मुले गोळा करावी लागत आणि त्यासाठी आधी गावाचा विश्वास मिळवावा लागे. हे काम करणारा शिक्षक स्वतःच पोरसवदा असेल तर त्याची परीक्षा दुहेरी होई. माडगूळकर अशा परीक्षेतून गेले. 'माणदेशी माणसं'मधील 'झेल्या' हे व्यक्तिचित्र शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील जिव्हाळ्याचे आहे आणि त्याला या दिवसांची पार्श्वभूमी आहे.

## भूमिगत दिवस

१९४२ मध्ये 'छोडो भारत' आंदोलन सुरू झाले तेव्हा माडगूळकर पंधरा वर्षांचे होते. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आंदोलनाने उग्र रूप धारण केले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथील मोर्चावर झालेल्या गोळीबारात नऊ जण हुतात्मा झाले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे महत्त्वाचे केंद्र होते आणि ते औंध संस्थानाच्या हद्दीत होते. ब्रिटिश मुलखातील पोलिसांना संस्थानी हद्दीत सहज शिरता येत नसे. त्यामुळे भूमिगतांना येथे आसरा मिळे.

माडगूळकर या लढ्यात ओढले गेले. नोकरी सुटली आणि काही काळ त्यांना भूमिगत राहावे लागले. घरापासून दूर, नाव लपवून, आज या वस्तीवर तर उद्या त्या रानात असे दिवस त्यांनी काढले. या काळाचा उपयोग त्यांनी लगेच लेखनासाठी केला नाही. 'कोवळे दिवस' ही कादंबरी १९७९ मध्ये, म्हणजे सुमारे साडेतीन दशकांनंतर प्रसिद्ध झाली.

## चित्रकला आणि लेखनाचा आरंभ

आंदोलन ओसरल्यावर माडगूळकर चित्रकला शिकण्यासाठी कोल्हापुरास गेले. चित्रकार होणे हा त्यांचा पहिला ध्यास होता. तो व्यवसाय म्हणून पुढे चालला नाही. तरी रेखाटनाचा छंद त्यांनी अखेरपर्यंत जपला. प्रसंगाच्या मोजक्या रेषा पकडायच्या आणि बाकीची जागा मोकळी सोडायची, ही चित्रकाराची सवय त्यांच्या गद्यात उतरली आहे. याच सुमारास त्यांनी स्वप्रयत्नाने इंग्रजी वाचनाची गती मिळवली.

१९४६ मध्ये 'अभिरुची' मासिकात त्यांची 'काळ्या तोंडाची' ही कथा प्रसिद्ध झाली. एका कुत्रीची ही कथा लिहिली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्यानंतर 'मौज' साप्ताहिकात त्यांनी गावाकडच्या माणसांची शब्दचित्रे लिहिली. ती १९४९ मध्ये 'माणदेशी माणसं' या नावाने पुस्तकरूपात आली. धर्मा रामोशी, नामा मास्तर, मुलाण्याचा बकस, तांबोळ्याची खाला, शिवा माळी यांसारखी माणसे मराठी साहित्यात प्रथमच आपल्या खऱ्या बोलीसह, दारिद्र्यासह आणि मानासह अवतरली. त्याआधीच्या ग्रामीण लेखनात खेडे बहुधा रम्य किंवा हास्यास्पद असे. माडगूळकरांनी माणसाची कीव न करता त्याचे दुःख मांडले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले व पु. भा. भावे यांच्याबरोबर नवकथेचे एक प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

## 'बनगरवाडी'

'बनगरवाडी' १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा नवखा शिक्षक औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर रुजू होण्यासाठी पायी निघतो, येथे तिची सुरुवात होते. वाडी लहान आणि शाळा ओस असते. वाडीचा म्हातारा कारभारी या मुलाला आपल्या पंखाखाली घेतो. त्याच्या शब्दाखातर पालक मुले पाठवू लागतात. हळूहळू मास्तर वाडीचा पत्रलेखक, सल्लागार आणि न्यायाधीशही होऊन बसतो. ज्या वयात स्वतःला कोणी सांभाळावे त्या वयात तो इतरांना सांभाळू लागतो.

कादंबरीतील मैत्री समवयस्कांपुरती राहत नाही. मास्तरचा सर्वांत जवळचा माणूस म्हणजे वयाने आजोबा शोभेल असा कारभारी. चोर म्हणून ओळखला जाणारा आनंदा रामोशी त्याच्याशी इमानाने वागतो. आयबू हा एकटा जीव त्याच्या सावलीसारखा वावरतो. दादू बालट्या सुरुवातीपासून आडवा जातो. शेकूकडे नांगराला बैल नसतो, तेव्हा त्याची बायको जुवाला स्वतःचा खांदा देते. लेखक यांपैकी कोणत्याही प्रसंगावर भाष्य करीत नाही. मास्तर पाहतो आणि वाचक त्याच्याबरोबर पाहतो.

मास्तरच्या वाढीतील पहिला घाव गैरसमजाचा आहे. कारभाऱ्याच्या मुलीला, अंजीला, चोळी आणून देण्याच्या साध्या गोष्टीवरून म्हाताऱ्याच्या मनात किल्मिष येते आणि दोघांतील बोलणे तुटते. आपला हेतू शुद्ध असला तरी गावाच्या रीतीत त्याचा अर्थ वेगळा होऊ शकतो, हे तरुण मुलाला प्रथमच कळते. पुढे मने सांधतात. मास्तर वाडीकरांना एकत्र करून तालीम बांधतो आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. या राजाच्या चित्रणामागे भवानराव पंतप्रतिनिधींची छाया स्पष्ट दिसते. वाडीच्या आयुष्यातील हा परमोच्च क्षण ठरतो.

त्यानंतर उतरण लागते. कारभारी मरतो. पाऊस दडी मारतो, मेंढरे मरू लागतात आणि एकेक कुटुंब वाडी सोडून निघून जाते. शाळेत मुले उरत नाहीत. शेवटी मास्तरलाही ओसाड वाडी मागे टाकून जावे लागते.

या शेवटात कादंबरीचे खरे मोल आहे. साधारणपणे वयात येण्याच्या कथेत नायकाला काहीतरी मिळते: ज्ञान, प्रेम किंवा यश. येथे मास्तरने कमावलेले सारे, म्हणजे शाळा, तालीम, माणसे, दुष्काळ हिरावून नेतो. त्याचा पराभव कोणा दुष्टाने केलेला नसतो, त्यामुळे त्याला राग काढण्यासही जागा उरत नाही. कारभाऱ्याच्या मृत्यूचे दुःख आणि वाडी उठल्याचे दुःख एकमेकांत मिसळून जाते. मास्तर रडून मोकळा होत नाही. तो वाट चालू लागतो. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने मराठी वाचकाला बालपणीच्या वियोगावर अश्रू ढाळण्याची सवय लावली होती. 'बनगरवाडी'ने तोच वियोग कोरड्या डोळ्यांनी सोसण्याची वेगळी रीत दाखवली.

राम देशमुख यांनी केलेला या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर अनेक भाषांतही तिचे अनुवाद झाले. अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. पटकथा स्वतः माडगूळकरांची होती. मास्तरची भूमिका चंद्रकांत कुलकर्णी यांनी, तर कारभाऱ्याची चंद्रकांत मांढरे यांनी केली. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

## 'वावटळ' आणि 'कोवळे दिवस'

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले व अनेक वाडे जाळण्यात आले. 'वावटळ' (१९६४) ही कादंबरी या घटनांवर आधारलेली आहे. पुण्यात असलेले तरुण मित्र गावाकडची बातमी ऐकून घराकडे निघतात आणि वाटेत त्यांना बदललेला मुलूख दिसत जातो. ज्या गावात आपण वाढलो, ज्यांच्या पोरांबरोबर खेळलो, तेथेच आपले घर जळाले हे सत्य निवेदकाला पचवावे लागते.

या कादंबरीत सूडाची भाषा नाही. जाळणारे हात ओळखीचे आहेत आणि वाचवणारे हातही ओळखीचेच आहेत. मित्रांची सोबत हाच त्या प्रवासातील आधार आहे. मात्र गावाशी असलेले जुने नाते तुटते ते पुन्हा जुळत नाही. येथे शोक एखाद्या माणसाच्या मृत्यूचा नसून विश्वासाच्या मृत्यूचा आहे. प्रमोद काळे यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला.

'कोवळे दिवस'चा नायक स्वातंत्र्यलढ्यात उडी घेणारा कोवळा मुलगा आहे. मोठ्या ध्येयाच्या ओढीने घर सोडलेल्या या मुलाला भूक, भीती, एकटेपण आणि सहकाऱ्यांचा लोभ यांचा अनुभव येतो. लढ्याचा गौरव करण्यापेक्षा त्या वयाचे मन टिपणे लेखकास महत्त्वाचे वाटले आहे. या तीन कादंबऱ्यांत मिळून १९४०च्या दशकातील माणदेशी तरुणाचे जवळजवळ पूर्ण चित्र उभे राहते: आधी शाळेतील मास्तर, मग भूमिगत, आणि शेवटी घर गमावलेला परतीचा वाटसरू.

## मुंबई, चित्रपट आणि आकाशवाणी

१९५०च्या सुमारास माडगूळकर मुंबईस गेले आणि चित्रपटांसाठी लिहू लागले. अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटाची पटकथा त्यांची होती. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. १९५५ मध्ये ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रात ग्रामीण कार्यक्रम विभागात रुजू झाले आणि दीर्घकाळ तेथे काम केले. शेतकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलण्याचे हे काम त्यांच्या लेखणीला पोषक ठरले.

'तू वेडा कुंभार', 'सती', 'पती गेले गं काठेवाडी' ही त्यांची नाटके आणि 'बिन बियांचे झाड' हे लोकनाट्य रंगभूमीवर आले. द. मा. मिरासदार व शंकर पाटील यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले. या त्रयीमुळे कथा वाचण्याबरोबरच ऐकण्याचीही गोडी सामान्य श्रोत्यांत निर्माण झाली.

## निसर्गलेखन आणि अखेरचे पर्व

उत्तरायुष्यात माडगूळकर अधिकाधिक जंगलाकडे वळले. नागझिऱ्यासारख्या अरण्यांत मुक्काम करून त्यांनी प्राण्यांचे निरीक्षण केले व रेखाटने काढली. 'नागझिरा' आणि 'जंगलातील दिवस' ही पुस्तके त्यातून आली. 'सत्तांतर' (१९८२) ही लहानशी कादंबरी वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षाची आहे. तिच्यातही टोळीतून हुसकावलेले तरुण नर, पिलांचा मृत्यू आणि मातांचा शोक येतो. माणसाच्या कथेत आणि वानराच्या कथेत त्यांची दृष्टी सारखीच अलिप्त व तितकीच हळवी आहे.

माडगुळे गावाशी त्यांचे नाते अखेरपर्यंत राहिले. तेथील शेतातील पत्र्याचे छपर 'बामणाचा पत्रा' म्हणून ओळखले जाते; दोघा भावांचे बरेचसे लेखन तेथे झाले. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांचे डिसेंबर १९७७ मध्ये निधन झाले. व्यंकटेश माडगूळकर ऑगस्ट २००१ मध्ये पुण्यात वारले.

## सन्मान

* साहित्य अकादमी पुरस्कार (१९८३), 'सत्तांतर' या कादंबरीसाठी
* अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अंबाजोगाई (१९८३) – अध्यक्षपद
* जनस्थान पुरस्कार (१९९९)

## निवडक साहित्य

* व्यक्तिचित्रे : माणदेशी माणसं
* कथासंग्रह : गावाकडच्या गोष्टी, हस्ताचा पाऊस, काळी आई, जांभळाचे दिवस
* कादंबऱ्या : बनगरवाडी, वावटळ, कोवळे दिवस, करुणाष्टक, सत्तांतर
* नाटके : तू वेडा कुंभार, सती, पती गेले गं काठेवाडी
* निसर्गलेखन : नागझिरा, जंगलातील दिवस

## हेही पाहा

* ग. दि. माडगूळकर
* औंध संस्थान
* माणदेश
* प्रतिसरकार
* बनगरवाडी (चित्रपट)